कातरीची निशाणी

“अंगठा न्हाई देत मी. आमच्यात कातर काढत्यात,” बायनाबाई म्हणाली आणि तिने बोरू असा मुठीत आवळला, की राधाकिशन बैठकीवरून अर्धा उठलाच. एकतीस वर्षांत त्याच्या बोरूला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. घरी बायको केशरबाईसुद्धा तो पदरात धरून उचलायची.

“काढा. पन हळू. कागद विलायती हाय.”

“कागुद विलायती आसंल, हात चौसाळ्याचा हाय,” ती म्हणाली.

तिने दोन तिरप्या रेघा एकमेकींवरून ओढल्या आणि खाली दोन गोल काढले. मेंढ्यांची लोकर कातरायची कातर. एक गोल मोठा झाला, एक बारका. राधाकिशनने त्या कातरीशेजारी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात बाईचे व तिच्या नवऱ्याचे नाव लिहिले, ‘निशाणी कातर, बायनाबाई कोम सटवा, धंदा मेंढपाळी, मुक्काम चौसाळ्याचा माळ.’ मग दुसऱ्या प्रतीवर तिच्याकडून पुन्हा एक कातर काढून घेतली. लेख दोन प्रतींत पाठवावा, असा पुण्याच्या त्रैमासिकाचा नियम होता, आणि राधाकिशन नियम मोडणाऱ्यांतला नव्हता.

तो बीडच्या तहसिलीत नकलनवीस होता. असल कागद समोर ठेवायचा आणि त्याची हुबेहूब नकल उतरायची, एवढाच त्याचा धंदा. उर्दू, मोडी, बाळबोध, काहीही द्या. मूळ कागदावर शाई सांडलेली असेल तर नकलेत त्या जागी ‘येथे डाग’ असे लिहायचे. मूळ लिहिणाऱ्याने स्वतःच्या बापाचे नाव चुकवले असेल तर तेही चुकलेलेच उतरायचे. शेवटी ‘असलाप्रमाणे नकल’ लिहून सही ठोकायची. एकतीस वर्षांत त्याने गाडाभर कागद लिहिले असतील, पण त्यात त्याचा स्वतःचा म्हणावा असा एक शब्द नव्हता. असा माणूस वयाच्या चौपन्नाव्या वर्षी विद्वानांच्या त्रैमासिकाला लेख पाठवायला निघाला, याचे तहसिलीतल्या शिपायांनाही हसू येत होते.

पण गोष्टच तशी घडली होती.

चौसाळ्याबाहेरच्या माळावर एक जुनी बारव आहे. तिच्या शेजारी जनावरांना पाणी पाजायची लांबलचक दगडी हाळ, आणि हाळेच्या डोक्याशी छातीएवढा उंच दगड. दगडावर वर तीन ओळी कोरलेल्या, मध्ये घोड्यावर बसलेला देव, आणि देवापासून खाली सगळा शेंदूर. वर्षानुवर्षे चढवलेल्या त्या शेंदराचा थर एवढा जाड झाला होता, की देव घोड्यावर आहे की बैलावर हे जाणत्याला विचारावे लागे. धनगरांचा तो देव. बीडचे सुंदरराव वकील इतिहासाचे हौशी. ते एकदा विठ्ठलराव देशमुखांच्या मळ्यात हुरडा खायला आले, हुरडा पचावा म्हणून माळावर फिरले आणि त्या तीन ओळी उतरून घेऊन गेले. पुढे पुण्याच्या त्रैमासिकात त्यांचे टिपण छापून आले, की शके १६२१ मध्ये देशमुखांच्या पूर्वजाला बारवेसकट हा माळ इनाम मिळाला. घराण्याचे नाव छापून आल्याचा विठ्ठलरावांना कोण आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी तहसिलीत दरखास्त दिली, की माळ आमचा आहे, तिथे आम्हाला मळा करायचा आहे, सबब मेंढरांना तिथे येण्यास मज्जाव व्हावा.

दाव्याची मिसल उभी राहिली. पटवाऱ्याच्या जुन्या दप्तरातून माळाचे कागद उतरून आणायला राधाकिशनला चौसाळ्याला पाठवले गेले. तो पोचला, त्याच दिवशी सकाळी देवाची खोळ पडली होती.

शेंदराचा थर फार झाला की तो कधीतरी आपणहून सुटतो आणि अख्खा कवचासारखा खाली येतो. देवाने कात टाकली, असे लोक म्हणतात. बायनाबाई लग्न होऊन आली त्या साली एकदा खोळ पडली होती, त्यानंतर ही आता, चाळीस-बेचाळीस वर्षांनी. पडलेली खोळ वाजतगाजत नदीला न्यायची आणि दिवस मावळायच्या आत देवाला नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत. सगळी वस्ती खोळ घेऊन नदीला गेली होती. बायनाबाई एकटी मागे राहून तेलात शेंदूर कालवत बसली होती, आणि देवाच्या घोड्याखाली, जिथे आजवर नुसता शेंदूर होता, तिथे चार ओळी उघड्या पडल्या होत्या.

“बाई, जरा दम धरा,” राधाकिशन म्हणाला.

“कावून?”

“खाली काहीतरी लिवलंय. मला उतरून घेऊ द्या.”

“घ्या. पन दिस बुडायच्या आत मला देवाला झाकायचंय.”

तेल मुरून दगड काळा झाला होता आणि अक्षरे बारीक. राधाकिशनला धड एक शब्द लागेना. मग बायनाबाईच उठली. तिने चुलीतली राख पाण्यात कालवली, ओळींवर फासली आणि पदराने वरच्यावर पुसून घेतली. राख खाचांत बसली आणि काळ्या दगडावर पांढरी अक्षरे वर आली. जिथे राखेनेही काही दिसेना, तिथे तिने बोट फिरवून सांगितले, “हितं उभी खाच हाय. खाली जाऊन डावीकडं वळती.” तिला अक्षर येत नव्हते. पण मेंढराच्या कानावरची खूण चाचपून दोनशेंतले आपले जनावर ओळखणारी ती बोटे होती. ती सांगत गेली आणि राधाकिशन उतरत गेला. वरच्या तीन ओळीही उतरून झाल्यावर त्याने खालच्या चार वाचून दाखवल्या.

‘हाळेचे पाणी व भोवता माळ मेंढरांस मोकळा ठेविला असे. देशमुखे अथवा आणिकाने अडवू नये. जो अडवील त्यास आपले कुळदेवाची आण असे.’ शेवटच्या ओळीत एके जागी त्याने लिहिले होते, ‘येथे दोन अक्षरे झिजली’.

“म्हंजी मी रोज ज्याला हात जोडते,” बायनाबाई सावकाश म्हणाली, “त्योच आमचा कागुद हाय.”

मग तिने शेंदराचे भांडे पुढे ओढले आणि देवाला झाकायला घेतले. राधाकिशन बघत उभा राहिला. चार ओळी एकेक करून तांबड्या झाल्या आणि दिसेनाशा झाल्या. दगडाचा ठसा घ्यायचा असतो, ओला कागद दगडावर चेपून त्यावर शाई फिरवायची असते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते. नकलनवीसाला हाताने उतरण्यापलीकडे दुसरी रीत कशी सुचणार?

तहसीलदारसाहेबांना त्याने दुसऱ्याच दिवशी सगळे सांगितले. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी त्रैमासिकाचा अंक बोटाने पुढे सारला.

“मुन्शी, ये पूने का छपा हुआ है. तुम्हारा हाथ का लिखा हुआ है. छपे का जवाब छपा हुआ लाओ.”

“हुजूर, शेंदूर काढून पाहायचा हुकूम झाला तर…”

“देवता को हाथ लगाने का हुकूम? ताकि कल बलवा हो? तीन महीने की पेशी देता हूँ. छपवा लाओ.”

म्हणून हा लेख. त्रैमासिकाच्या मलपृष्ठावर लेखकांसाठी नियम छापलेले होते. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. डावीकडे चार बोटे जागा सोडावी. प्रत्येक विधानास तळटिपेत आधार दिलाच पाहिजे. राधाकिशनने ते नियम आधी उतरून काढले, कारण हातात बोरू आला की काहीतरी उतरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कागदाची एक बाजू कोरी सोडायची म्हणताना त्याचा जीव कळवळला. तहसिलीत कागदाच्या चिटोऱ्याचाही हिशेब द्यावा लागे. खरी पंचाईत पुढे होती. समोर असल कागद नाही, मग लिहायचे काय? चार दिवस तो नुसता बसून राहिला. शेवटी केशरबाई म्हणाली, “आवं, माझ्याशी जसं बोल्ले तसं लिवा की.” तेव्हा कुठे लेखणी हलली.

आधाराच्या नियमाचा त्याने फार विचार केला. तहसिलीत आधार म्हणजे साक्ष, आणि साक्ष म्हणजे साक्षीदाराची सही. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी, कुणब्याचा नांगर, शिंप्याची सुई, धनगराची कातर. चार ओळी उघड्या पाहिलेली, राख लावून त्या वाचायला मदत केलेली बाई जिवंत आहे, मग आधार तिचाच. म्हणून तळटीप पहिली बायनाबाईची, आणि टिपेखाली तिची निशाणी. एवढे चोख काम आपल्या हातून कधी झाले नाही, असे त्याला मनापासून वाटले.

पहिल्यांदा पुडके महिन्याने जसेच्या तसे परत आले. निजामाच्या टपालाची तिकिटे हद्दीपलीकडे चालत नाहीत, हे लेखकांच्या नियमांत छापलेले नव्हते. मग राधाकिशन रजा टाकून बैलगाडीने जामखेडला गेला. जामखेड इंग्रजी हद्दीत. तिथून इंग्रजी तिकिटे लावून त्याने पुडके पाठवले आणि पुढच्या वेळी पंचाईत नको म्हणून चार तिकिटे जास्तीची घेऊन ठेवली.

उत्तर आले ते फार सभ्य भाषेत होते. संपादकांनी लिहिले होते, ‘आपला लेख पावला. अक्षर पाहून मंडळातील सर्वांस संतोष झाला. परंतु हे संशोधनाचे त्रैमासिक आहे, न्यायकचेरी नव्हे. पहिल्या तळटिपेत कातरीचे चित्र कशासाठी आहे, याचा उलगडा कोणास झाला नाही. निरक्षर मेंढपाळ स्त्रीच्या सांगण्यास शास्त्रात आधार म्हणत नाहीत. शेंदूर काढवून दगडाचा ठसा घेऊन पाठवावा. आपली पदवी व हुद्दा कळवावा.’

राधाकिशनने पत्र दोनदा वाचले. त्याचे कान तापले. एकतीस वर्षे त्याने वरून आलेला प्रत्येक कागद मान खाली घालून उतरला होता, पण या वेळी मान काही खाली जाईना. तो उठला, सुंदररावांचे टिपण काढून पुन्हा वाचले आणि त्याच बैठकीला उत्तर लिहिले.

‘पदवी नाही. हुद्दा नकलनवीस. सुंदरराव वकील यांच्या छापील टिपणात तळटीप दुसरी अशी आहे, की सदर जमीन वंशपरंपरागत आहे असे विठ्ठलराव देशमुख यांजकडून समजले. हेही सांगणेच आहे. त्याखाली त्यांची सहीसुद्धा नाही. बायनाबाईने निशाणी दिली आहे. देशमुखांचे सांगणे आधार होते आणि मेंढपाळणीचे होत नाही, असा नियम असल्यास तो मलपृष्ठावर छापलेला नाही. छापलेला असता तर मी पाळला असता.’

केशरबाईने ते ऐकले आणि कपाळाला हात लावला. “असं लिवत्यात का मोठ्या लोकांला?”

“मी काय लिवलं? नियमच लिवलाय.”

“तुमच्या नियमानं एक दिस चूल बंद पडंल,” ती म्हणाली, पण पुडके शिवायला दोरा तिनेच ओवून दिला.

ही बातमी विठ्ठलरावांपर्यंत कशी पोचली कोण जाणे. एका दुपारी ते तहसिलीत आले आणि राधाकिशनच्या बैठकीपाशी उभे राहिले. तो उठू लागला तसे त्यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले. देशमुखांचा हात खांद्यावर म्हणजे मानच. पण तो हात जरा जडच होता.

“राधाकिशन, तुझा बाप हितं शिपाई व्हता. लई भला मानूस. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

“जी.”

“नकलनवीसानं नकल करावी. लेख लिवायला शिकल्यालं लोक हायती. मला काय मेंढराचं पानी तोडायची हौस हाय का? कागुद सांगतोय, म्या न्हाई.”

“कागद अर्धाच हाय, मालक,” राधाकिशन म्हणाला. “अर्ध्या कागदाची नकल मी कधी देत न्हाई.”

विठ्ठलरावांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. आजूबाजूला चाललेले बोरू थांबले होते. विठ्ठलराव तसेच निघून गेले, आणि राधाकिशनच्या लक्षात आले की आपण मघाशी पूर्ण उभे राहिलोच नव्हतो. बसल्या बसल्याच बोललो.

संपादकांचे दुसरे पत्र पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आठ दिवस आधी आले. या वेळी भाषा मऊ होती. ‘देशमुख घराण्याची गोष्ट निराळी, ते सर्वश्रुत आहे. तथापि आपण वरील तीन ओळींतील दोन स्थळे अधिक शुद्ध वाचली आहेत, हे मंडळास मान्य आहे. तेवढा भाग आपल्या नावाने येत्या अंकात अवश्य छापू. खालच्या चार ओळी व पहिली तळटीप मात्र गाळावी लागेल. दुरुस्तीसाठी आपली एक प्रत सोबत परत केली आहे. ठसा आल्यास पुनर्विचार करू.’

आपल्या नावाने. ते दोन शब्द केशरबाईने त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतले.

“तुमचं नाव? छापून?”

“हां.”

“पुन्यात?”

“सगळीकडं जातंय ते. काशीला पन जात आसंल.”

ती चुलीपुढे बसून राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने नवऱ्याला दुसऱ्यांचीच नावे लिहिताना पाहिले होते. इनामदारांची, सावकारांची, भांडकुदळ भावांची. “छापू द्या की मग,” ती हळूच म्हणाली. “तिचं नाव न्हाई आलं तर ती काय रडनार हाय? तिला वाचाया येतंय का?”

राधाकिशनलाही नाव हवे होते. हे खोटे कशाला सांगायचे? फार हवे होते. त्या रविवारी तो चौसाळ्याला गेला तेव्हा त्याच्या पिशवीत ठशासाठी घेतलेला पातळ कागद होता, शाई होती आणि एक खुरपे होते.

बायनाबाई हाळेवर मेंढरे पाजत होती. तिने पिशवीतून डोकावणारा खुरप्याचा दांडा पाहिला आणि ती समजली.

“खरवडायला आलाव का, मुन्शीजी?”

“त्ये म्हनत्यात, ठसा आला तर सगळं छापू. तुमच्या नावासकट. न्हाईतर तीनच ओळी.” त्याने एका दमात सगळे सांगून टाकले. “चार ओळी उघड्या झाल्या तर मिसल आपली हाय, बाई. माळ तुमचा. पानी तुमचं.”

ती काठी टेकून उभी राहिली. मेंढरे एकमेकांच्या पाठीवर माना टाकून पाणी पीत होती.

“खरवडा. मी तुमचा हात धरनार न्हाई. तुमी आमच्यासाठीच करताव.” ती थोडी थांबली. “पन खुरपं लागलं की त्यो देव ऱ्हानार न्हाई. दगड ऱ्हाईल. अन् उद्या देशमुखानं दगड उपटून बांधावर टाकला, तर त्याला कुनाचं भ्याव? आज त्यो त्याला हात लावत न्हाई, त्ये काय लिवलंय म्हनून न्हाई. शेंदूर हाय म्हनून.”

राधाकिशन दगडापुढे बसला. हातात खुरपे होते. शेंदूर अजून नवा, मऊ होता. चार हात मारले असते तर ओळी वर आल्या असत्या. त्याला त्या पाठ होत्या. तिसऱ्या ओळीतली झुकलेली वेलांटी, शेवटची झिजलेली दोन अक्षरे, सगळे डोळ्यांपुढे होते. असल कागदावर नकलनवीसाने कधी साधी बोटाची रेघ ओढायची नसते, हे त्याच्या पहिल्या साहेबांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते. असल खराब केले तर नकल कशाची?

तो उठला. खुरपे त्याने बायनाबाईच्या हातात दिले. “घ्या. मेंढवाड्यातलं गवत काढायला व्हईल.”

“मंग नाव?”

“तळटीप गाळणार न्हाई,” राधाकिशन म्हणाला. “तुमी नसाल तर मीबी न्हाई.”

पेशी झाली ती दहा मिनिटांत आटोपली. एका बाजूला छापील अंक, दुसऱ्या बाजूला शिवलेली हाती लिहिलेली सात पाने. साहेबांनी सातही पाने पेशकाराकडून समजून घेतली, कातरीचे चित्र जरा लांब धरून पाहिले आणि सुस्कारा टाकून हुकूम सांगितला. छापील पुराव्यावरून माळ देशमुखांच्या नावे. मात्र देवाच्या पूजेला येणाऱ्या कोणासही अडवू नये. सरकार कोणाच्या धर्माच्या आड येत नाही.

विठ्ठलरावांनी मान डोलावली. बायनाबाई दाराशी उभी होती, ती पुढे आली.

“सायेब, कोनालाबी म्हंजी मेंढरालाबी ना?”

साहेबांना पेशकाराने उर्दूत समजावून सांगितले. त्यांनी भुवया वर केल्या. “भेड़ें पूजा करती हैं?”

“आमचा देव मेंढराचाच हाय. मानसं उगं त्यांच्या मागं येत्यात,” ती म्हणाली. “त्यांला रोज दर्शन लागतंय. दर्शन झालं की तहान लागती.”

“कितनी भेड़ें?”

“दोनशे.”

विठ्ठलराव काही बोलायला उठले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. कागदाकडे बघत मिशीआड हसू दाबले आणि ‘कोणासही’ या शब्दापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, ‘जनावरांसुद्धा’. मग कागद राधाकिशनकडे टाकला. त्याने नकल उतरली, ‘असलाप्रमाणे नकल’ लिहून सही केली आणि ती बायनाबाईच्या हातात दिली. तिने ती उघडून न पाहता चोळीत खोचली. माळ गेला होता, पण पाणी राहिले होते. विठ्ठलरावांना मळ्याच्या कुंपणात दोनशे मेंढरांपुरती वाट सोडावी लागली.

पुढच्याच महिन्यात राधाकिशनची बदली केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला झाली. कोणाच्या शब्दाने झाली ते हुकमात लिहिलेले नसते. केशरबाईने भांडी पोत्यात भरली आणि एकदाही ‘मी म्हनलं व्हतं’ म्हणाली नाही, हे तिचे मोठेपण.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने संपादकांना शेवटचे पत्र लिहिले. या पत्राची नकल त्याने स्वतःसाठी ठेवली, आयुष्यात पहिल्यांदा.

‘आपली सूचना मान्य नाही. तीन ओळी छापणे म्हणजे अर्ध्या कागदाची नकल देणे, ते माझ्या धंद्यात बसत नाही. माझे नाव घालू नये. दगडावरील शेंदूर खरवडणार नाही. देव कात टाकतो, त्यास अंदाजे चाळीस वर्षे लागतात. पुढची खोळ पडेल तेव्हा ठसा पाठवण्याची व्यवस्था केली आहे. आपल्या त्रैमासिकात तोवर सात पानांची जागा राखून ठेवावी. तळटीप पहिली गाळू नये.’

पत्र टाकून तो चौसाळ्याला गेला. बायनाबाईच्या पालात बसून त्याने बरोबर आणलेले पुडके सोडले. त्यात पातळ कागदाच्या सहा घड्या होत्या, शाईची पुडी होती, ठसा कसा घ्यावा हे मोठ्या अक्षरात लिहिलेले पान होते आणि सात पानांच्या लेखाची नवी प्रत होती. कागद कसा भिजवायचा, कसा चेपायचा, हे त्याने तिच्याकडून दगडाऐवजी जात्याच्या पाळीवर दोनदा करवून घेतले. मग सगळे पुन्हा बांधले आणि वर पुण्याचा पत्ता लिहिला. जामखेडला घेतलेल्यातली उरलेली तिकिटेही चिकटवली.

“चाळीस वर्सं,” बायनाबाई म्हणाली. “तवर मी न्हाई, तुमी न्हाई.”

“तुमच्या सुना असतील. नातसुना असतील. खोळ पडली की आधी ठसा, मंग शेंदूर. एवढं सांगून ठेवा.”

“ते सांगंन. शेंदूर जसा सांगितला तसंच सांगंन.” तिने तिकिटावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवले. “ह्यो राजा तवर टिकंल का?”

“राजा कुनीबी येऊ दे,” राधाकिशन म्हणाला. “पत्ता बरोबर हाय.”

त्याने खाली लिहिले, ‘पाठवणार’, आणि थांबला. स्वतःचे नाव लिहायला त्याचा हात उगाच अवघडला होता. बायनाबाईने तो बोरू त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतला, या वेळी न आवळता, आणि दोन तिरप्या रेघा ओढल्या. बाहेर मेंढरे कुंपणातल्या वाटेने हाळेकडे निघाली होती. तिने खाली दोन गोल काढले आणि पुडके त्याच्यापुढे सरकवले. दोन्ही गोल सारखे आले होते. त्यांच्या शेजारी राधाकिशनने आपले नाव लिहिले.